उमेश, मी गाळलेलं वाक्य

उमेश, आज तुझी खोली रिकामी केली.

हॉस्टेलच्या वॉर्डनकाकांचे दोन फोन येऊन गेले होते. सवड झाली की या, घाई नाही, असं दोन्ही वेळा म्हणाले. इथे जपानात कुणी दोनदा घाई नाही म्हणालं की समजायचं, घाई आहे. नवीन मुलं यायची आहेत, त्यांना खोली लागणार. मी सकाळी गेले आणि चार तास जमिनीवर फतकल मारून तुझ्या सामानाची वर्गवारी करत बसले. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, कापड वेगळं. तू नागोयाला आलास त्या पहिल्या आठवड्यात मीच तुला हे शिकवलं होतं. तू म्हणाला होतास, "ताई, आमच्याकडं सगळ्यांचा मिळून एकच उकिरडा असतो. कुणाची काय तक्रार न्हाई." आज तुझे मोजे, खांद्याला लावायच्या पट्ट्या, हळदीचा डबा, आईनं पाठवलेली गोधडी, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत गेलं. गोधडी मी परत बाहेर काढली. तुझा बेसबॉलचा ग्लव्ह कुठल्या पिशवीत जातो ते मला शेवटपर्यंत कळेना. तो पर्समध्ये कोंबला आणि बंद न होणारी पर्स मांडीवर घेऊन बसने घरी आले. वॉर्डनकाकांना विचारलं नाही.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. पेपरवाल्यांना माझ्याकडून दोन ओळी हव्या होत्या. दुभाषी म्हणून चार वर्षं सोबत होतात, तुम्हीच लिहा, म्हणाले. मी लिहिलं, 'कॅन्सरशी झुंज' आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. झुंजायचं तर समोर कोण उभं आहे ते माहीत असावं लागतं ना रे. तुला पाच महिने ते माहीत नव्हतं. माझ्यामुळे माहीत नव्हतं. डॉक्टर तुझ्या समोर बसून जे बोलल्या, त्यातलं एक वाक्य मी मराठीत आणलंच नाही. हे पेपरला दिलेलं नाही, क्लबला सांगितलेलं नाही. तुला लिहिते आहे, कारण तुला ते माहीत आहे आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

आपलं भांडणानेच सुरू झालं होतं. तू सांगलीकडचा भालाफेकवाला. पुण्याच्या एका शिबिरात इथल्या कोचनी तुझा हात पाहिला आणि उचलून आणलं. मी तेव्हा गाडीचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात दुभाष्याचं काम करत होते, तिथलं काम सुटलं म्हणून तुमच्या बेसबॉल क्लबमध्ये आले. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तुलाही नव्हतं. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बोलर, पण एका जागी उभं राहून कोपर वाकवून फेकणारा, एवढ्या शिदोरीवर आपण दोघं मैदानात उतरलो. पहिल्याच दिवशी तू चेंडू फेकायच्या उंचवट्याला हात लावून कपाळाला लावलास. मी म्हटलं, इथे टोपी काढून वाकतात, हे नको. तू म्हणालास, "मातीला कशाला विचारायचं, कुठली पद्धत म्हणून?" आणि दोन्ही केलंस. कोचना ते इतकं आवडलं की मला तोंड बंद ठेवावं लागलं. मला ते जमत नाही हे तुला माहीत आहे.

लोकांना तुझं नाव घेताना हसू फुटायचं. इथल्या जिभेवर ते 'उमेशु' होतं आणि उमेशु म्हणजे बोरासारख्या फळाची गोड दारू. माळकरी घरातला पोरगा आणि प्रेक्षक दारूच्या बाटल्या नाचवून तुला हाका मारतायत. घरी सांगू नका, एवढंच म्हणालास.

पुढचं आठवलं की मला आजही हसू येतं. पिचिंगचे कोच मोरी-सान. त्या दिवशी तुझा एकही चेंडू नीट पडत नव्हता आणि ते सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, "चालता हो, घरी जा." इथे कोच घरी जा म्हणतो तेव्हा जायचं नसतं. टोपी काढून उभं राहायचं, माफी मागायची, मला अजून फेकू द्या म्हणून विनवायचं. मला ते माहीत होतं. पण परमुलखातल्या पोराला सगळ्यांसमोर 'चालता हो' कसं सांगायचं? मी तुला म्हणाले, "कोच म्हणतायत, आज एवढं पुरे." तू वाकून नमस्कार केलास, थँक्यू म्हणालास, बॅग उचललीस आणि हॉस्टेलवर जाऊन आंघोळ करून झोपलास. मोरी-सान आ वासून बघत राहिले. तुला आठवडाभर फक्त पळायला लावलं, चेंडूला हात लावू दिला नाही.

आठव्या दिवशी तू मला मैदानाच्या जाळीपाशी गाठलंस. "ताई, तुम्ही मला लोणी लावून सांगता."

"तुझ्या बऱ्यासाठीच."

"नगं. शिवी दिली तर शिवी सांगा. मला काय म्हणत्यात ते मला कळाय पाहिजे. माझं काय वाईट व्हायचं ते माझ्या देखत होऊ द्या."

मी शब्द दिला. तोंडदेखला नाही, मनापासून दिला. आणि तीन वर्षं पाळला. मोरी-सानांच्या शिव्या मी तुला जशाच्या तशा, पुणेरी उच्चारात ऐकवल्या. तू म्हणायचास, तुमच्या तोंडून शिवी म्हणजे आशीर्वाद वाटतो.

रविवारी तू आमच्याकडे जेवायला यायचास. ज्वारीचं पीठ मी तोक्योहून मागवायचे आणि माझ्या भाकरीचा नकाशा व्हायचा. तू मला बाजूला सारून त्या आडदांड हातांनी भाकरी थापायचास. माझी लेक सई तुझ्याशी जपानीत बोलायची, तू तिच्याशी मराठीत. दोघांचं काही अडायचं नाही. मग नदीकाठच्या बागेत तिला चेंडू फेकायला शिकवायचास. माझा नवरा म्हणायचा, आपल्या घरात मराठी बोलणारं एक माणूस वाढलं. आम्ही तिघं घरात असताना किती शांत असतो, हे मला तू यायला लागल्यावर कळलं.

तू राखीव संघातला, पाठीवर तीन आकडी नंबर. मुख्य संघातल्या खेळाडूला दोन आकडी मिळतो. तुझ्या आईला तू सांगितलं होतंस, तीन आकडी म्हणजे मोठा नंबर. मी म्हटलं, खोटं कशाला सांगतोस. तर म्हणालास, "तिला सांगतो, स्वतःला न्हाई." त्यावरून आपलं वाजलं होतं. आज वाटतं, तेव्हा मी कुठल्या तोंडाने तुला खरं-खोटं शिकवत होते.

आणि मग तो एक डाव. एकच. संघ आधीच हरलेला, उन्हाळा संपत आलेला, आणि तुला मुख्य संघात बोलावलं. नवा शर्ट, दोन आकडी नंबर. तू शर्ट घडी करून उशाखाली ठेवला होतास, हे मला वॉर्डनकाकांनी सांगितलं. पहिल्या फलंदाजाला तू चारही चेंडू बाहेर टाकलेस. मोरी-सान उठले, नियमाने मीही त्यांच्या मागे त्या उंचवट्यापर्यंत आले. बाई दुभाषी मैदानात येते म्हणून आधी कुरकुर झाली होती. त्या दिवशी हजारो लोक बघत होते. मोरी-सान म्हणाले, "विचार करू नको. फेक." मी तेवढंच सांगितलं, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. तू म्हणालास, "ताई, एवढंच म्हणालं का ते?" पुढच्या तिघांना तू बाद केलंस. शेवटच्याला टाकायच्या आधी कॅचरने, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा तो, त्याने बोटांनी खूण केली, हा चेंडू टाक. तू मान हलवून नाही म्हणालास. त्याने दुसरी खूण केली. पुन्हा नाही. कॅचर तुझ्याहून दहा वर्षांनी मोठा, इथे असं कुणी करत नाही. तिसऱ्या खुणेला तू होकार दिलास आणि तो चेंडू त्या फलंदाजाला दिसलाच नाही.

मी तुला विचारलं होतं, एवढी हिंमत कुठून आणलीस. तू म्हणालास, चेंडू माझ्या हातातनं सुटणार आहे, तर काय सुटणार ते मी ठरवणार.

त्यानंतरच्या वसंतात तुझा दंड दुखायला लागला. पिचरचा हात दुखतो, त्यात काय, म्हणून बर्फ लावला. बर्फाचे दोन महिने गेले. मग सूज आली, मग फोटो काढले, मग हाडातला तुकडा तपासायला पाठवला. तो अहवाल यायच्या आदल्या दिवशी तुझ्या वडिलांचा मला फोन आला. तू त्यांना गाठ आहे एवढंच बोलला होतास, पण 'गाठ' म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं सगळ्यांना कळतं. अण्णा म्हणाले, "ताई, काय वंगाळ असलं तर पोराला एकदम सांगू नगा. त्याचा धीर सुटंल. मी हिलाबी सांगत न्हाई." मी म्हटलं, बघते.

डॉक्टरबाई तरुण होत्या. माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघून, सावकाश बोलल्या. दंडाच्या हाडात कॅन्सर आहे, दोन्ही फुप्फुसांतही पसरला आहे, औषधं लगेच सुरू करू. आणि मग ते वाक्य. पूर्ण बरं करणं फार अवघड आहे, तेव्हा ज्यांना भेटायचं आहे त्यांना तब्येत चांगली आहे तोवर भेटून घ्या. एवढं बोलून त्या थांबल्या आणि माझी पाळी आली.

मी म्हणाले, "हातात कॅन्सरची गाठ आहे. छातीतही थोडे डाग आहेत. औषधं लगेच सुरू करायची. या वर्षी खेळता येणार नाही."

तू विचारलंस, "आन् पुढच्या सीझनला?"

हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. मी त्यांना जपानीत विचारलं, औषधांच्या किती फेऱ्या असतील? त्या म्हणाल्या, आधी तीन, मग बघू. मी तुझ्याकडे वळून म्हणाले, "बघू म्हणतायत." तू मान डोलावलीस. डॉक्टरांना काहीतरी खटकलं असावं. "त्सुयाकु-सान," दुभाषीबाई, असं त्यांनी मला हाक मारून विचारलं, "त्यांना सगळं नीट समजलंय ना?" मी "हाय", म्हणजे हो, म्हटलं. आमच्या धंद्यात याला चूक म्हणत नाहीत. चूक नकळत होते.

मी हे का केलं? अण्णांनी सांगितलं म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण अण्णांच्या आधी माझे बाबा आहेत. बाबांना पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा आम्ही त्यांना अल्सर म्हणून सांगितलं. आई, काका, फॅमिली डॉक्टर, सगळे त्यात सामील होते. बाबा शेवटच्या आठवड्यापर्यंत बँकेत कधी रुजू होता येईल ते विचारत होते आणि आम्ही एकमेकांकडे न बघता, होईल हं लवकर, म्हणत होतो. गेल्यावर सगळे म्हणाले, बिचारे शांतपणे गेले. मी वीस वर्षं यावर विश्वास ठेवला. माणसावर माया असली की त्याला सांगायचं नाही, हे आमच्या घरात कुणी शिकवलं नाही, ते पाण्यासोबत पोटात जातं. वीस वर्षं जपानी माणसांत राहून, त्यांचं प्रत्येक वाक्य तोलून मराठीत उतरवणारी बाई त्या खोलीत आपल्या आईची मुलगी झाली.

ऑगस्टमध्ये तुझं रक्त जरा सुधारलं. डॉक्टर म्हणाल्या, "या महिन्यात दोन आठवडे घरी जाऊन येता येईल. जाऊन यावं, असं मला वाटतं." मी म्हणाले, "हवं तर दोन आठवडे घरी जाऊन ये, म्हणतायत." 'जावं असं मला वाटतं' याचं 'हवं तर' केलं. डोक्यावरून हात फिरवत तू हसलास. "असा टकला? आई हंबरडा फोडंल. बरा हुतो, बॉल हातात धरतो, मग जातो. औंदाच्या गणपतीला न्हाई, पुढच्या." मग आपण लिफ्टपर्यंत चालत आलो. तो लांबच लांब कॉरिडॉर होता. मला बोलायला भरपूर वेळ होता, उमेश. मी विचारलं, रविवारी डब्यात काय आणू. तू म्हणालास, पिठलं.

तू कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचास. डाव्या हाताने स्प्रिंग दाबायचास. उजवा नाही तर डावा, डाव्या हाताच्या पिचरला इथं लई मागणी, असं नर्सना माझ्याकडून सांगायला लावायचास. मी सांगायचे. त्यांचे डोळे भरून यायचे आणि तू समजायचास, जोक जमला नाही.

ऑक्टोबरातली दुपार. तू वॉर्डातल्या जेवणाच्या टेबलाशी बसला होतास, खिडकीतून पार्किंग दिसत होतं. डॉक्टरांनी उपचार बदलायचा कागद सहीसाठी दिला होता आणि मी यायच्या आत तू त्याचा फोनवर फोटो काढून मराठी करून घेतलं होतंस. फोनचं मराठी भयंकर होतं, पण खरं होतं. तू फोन माझ्यापुढे सरकवलास.

"ताई, हे बरोबर लिवलंय का?"

मी वाचलं. "हो."

"हे आज सांगत्यात, का आधी सांगितलंवतं?"

"मे महिन्यात."

"आन् ऑगस्टात जा म्हणत हुत्या, ते यासाठी?"

"हो."

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू खिडकीबाहेर बघत राहिलास. मला राहवेना, मी बाबांचं सांगायला लागले. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "तुमच्या वडलांनी तुम्हाला काय सांगून ठिवलं नव्हतं. मी ठिवलं हुतं." थोड्या वेळाने, "जावा तुम्ही."

मी गेले. नऊ दिवस तू फोनच्या भाषांतरावरच डॉक्टरांशी बोललास. क्लबला दुसरा मराठी दुभाषी हवा म्हणालास, तो कुठून मिळणार. सईला मी सांगितलं काय झालं ते. बारा वर्षांची पोर, तिने जपानीतच विचारलं, "का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, त्याला वाईट वाटलं असतं. ती म्हणाली, "मग वाईट वाटू द्यायचं ना." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिच्याशी मी अजून यावर बोललेली नाही.

दहाव्या दिवशी तुझा मेसेज आला. 'या.' बस, एवढाच. मी टॅक्सी करून आले. तुझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, छातीत पाणी व्हायला लागलं होतं, विमानात बसवायचं नाही असं ठरून गेलं होतं. तू म्हणालास, "आईला मी न्हाई सांगू शकत. तुम्ही सांगा. आता काय गाळू नगा."

मी तुझ्या आईला, वहिनींना, व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. कुठे आहे, किती पसरलंय, किती दिवस. एक शब्द गाळला नाही. फोनमध्ये त्या मळ्यात उभ्या होत्या, मागे ऊस. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तिकडं थंडी किती असती, ताई? स्वेटर एकच हाय माझ्याकडं." तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस.

वहिनींचा पासपोर्ट नव्हता. पासपोर्ट, पोलिसांची चौकशी, व्हिसा. मी इथून दर दोन दिवसांनी फोन करत होते, क्लबचे लोक पत्रं देत होते, सगळे धावत होते. मे महिन्यात धावले असते तर काय झालं असतं, हा हिशेब मी पाण्याचा नळ उघडला तरी करते. एकदा मी तुझ्याशी वादही घातला होता, आठवतंय? मी म्हटलं, मे महिन्यात कळलं असतं तर पाच महिने तू हसला असतास का, फेऱ्या मारल्या असत्यास का? तू म्हणालास, "न्हाई. रडलो असतो. पर आईपाशी रडलो असतो." खुणा माझ्याकडेच होत्या आणि त्या न दाखवताच मी तुला चेंडू टाकायला लावला.

मला माफ केलंस का, ते मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. तू मला पुन्हा ताई म्हणायला लागलास आणि मी त्यावरच भागवलं.

जायच्या आधीच्या सोमवारी सकाळी तू नर्सला बाहेर जायची खूण केलीस. तुझा आवाज गेल्यातच जमा होता, मी कान तुझ्या तोंडापाशी आणला. "ताई. ऑगस्टचं आईला सांगू नगा." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तू पुन्हा म्हणालास. "मी येऊ शकलो असतो, हे तिला कळता कामा नये. तिला वाटंल, पोरगं आलंच न्हाई. आन् का आलं न्हाई ते सांगाय गेलं, तर तुमचं निघंल." मग दम लागला. "तिला इथं तुमच्याबिगर कोण हाय."

तू, ज्याला शिवीसुद्धा अख्खी हवी होती, त्याने मला गाळायला सांगितलं. मी मान हलवली. मी नाही म्हणायला हवं होतं का, ते तूच सांग.

वहिनी आणि अण्णा आले तेव्हा तुला जाऊन एक दिवस झाला होता. विमानतळावरून त्यांना सरळ अंत्यविधीच्या हॉलमध्ये आणलं. वहिनींनी उसाच्या फडात घालायचा तोच स्वेटर घातला होता. त्यांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "केस यायला लागलंवतं की." अण्णा दाराशीच उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी वर मान करून पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. आम्हाला दोघांना माहीत होतं, त्या मे महिन्यात आपण काय ठरवलं ते.

इथे दहनानंतर अस्थी हाताने वेचत नाहीत. लांब काड्यांनी, दोघांनी मिळून एक एक उचलायची आणि भांड्यात ठेवायची. तिथला माणूस हळू आवाजात सांगत होता आणि मी सांगत होते, हे पायाचं, हे कमरेचं, हे हाताचं. वहिनींच्या समोर मीच उभी राहिले, कारण अण्णांना जमेना. आम्ही दोघींनी मिळून तुझ्या हाताचं हाड उचललं. काड्यांची त्यांना सवय नाही, मी खालून आधार दिला. ते खाली पडलं नाही. मग काड्या धरलेल्या अवस्थेतच त्यांनी विचारलं, "ताई, त्याला मधी एकदा यायला जमलं नसतं का वो?"

मी म्हणाले, "नसतं जमलं, वहिनी. डॉक्टरांनी सोडलंच नसतं."

त्या म्हणाल्या, "तरीच. न्हाईतर तो आलाच असता." आणि पुढचं हाड उचललं.

त्या अस्थी घेऊन गेल्या तेव्हापासून रोज फोन करतात. इथली संध्याकाळ म्हणजे तिकडे दुपार, कामातून मोकळ्या झालेल्या असतात. तुझ्या गोष्टी सांगायला लावतात. कसा बोलायचा, काय खायचा, लोक त्याला काय म्हणायचे. मी सांगते. त्यांना कंटाळा येत नाही आणि मला टाळता येत नाही. आज खोली आवरून आले, हात धुतले आणि फोन वाजला. मी गोधडीचं सांगितलं, पाठवते म्हटलं. त्या म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडंच. तुमची लेक पांघरंल." मागे मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"ताई, एक सांगू का," त्या म्हणाल्या. "मी रोज देवापुढं तुमचं नाव घेती. बरं झालं तुमी हुता. न्हाईतर त्या परक्या मुलखात माझ्या पोराला कोण काय बोलतंय ते कळलंबी नसतं."

मी "हो" म्हणाले.

तू सांगितलंस म्हणून मी गप्प आहे, असं उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल. वहिनींना सांगता येईल, सईला सांगता येईल. तुला काय सांगू? तू काही सांगितलं नसतंस, उमेश, तरी मी "हो"च म्हणाले असते.